बालकांच्या आतड्यातील बुरशीजन्य रोग : निदान आणि उपचारखर्च
(वार्षिक सभेतील भाषण)



२०२१ साली ‘काळी बुरशी’ हा शब्द वऱ्हाडातील घराघरांत पोहोचला. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनासाठी नातेवाइकांची झालेली धावपळ आपणा सर्वांना स्मरत असेल. आज आम्ही त्याहून दुर्मीळ अशा बुरशीविषयी बोलणार आहोत. धडधाकट बालकाच्या आतड्यातही ती गाठ उत्पन्न करते.

बॅसिडिओबोलस हे तिचे नाव. बेडकाच्या विष्ठेतील या बुरशीचे वर्णन १८८६ मध्येच झाले. पालीसरड्यांची विष्ठा, माती, कुजका पालापाचोळा येथेही ती आढळते. म्हणजे आपल्या अंगणातील सोबतीणच. आतड्याच्या रोगाचे रुग्ण अमेरिकेतील ॲरिझोना, सौदी अरेबिया व इराण येथून अधिक नोंदले गेले. भारतातील बालरुग्णांचीही नोंद आहे.

ताप, पोटदुखी, वजनातील घट आणि हाताला लागणारी गाठ पाहून प्रथम क्षयाची, कर्करोगाची वा क्रोन्सच्या आजाराची शंका येते, आणि आपल्या भागात क्षयाची शंका येणे स्वाभाविकच आहे. मात्र क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले गेल्यास बुरशीला मोकळे रान मिळते. अशा बालकाच्या रक्तातील इओसिनोफिल पेशी बहुधा पुष्कळ वाढलेल्या असतात. ‘जंत असतील’ एवढ्यावर तो अहवाल बाजूला ठेवला जाऊ नये.

निश्चित निदान गाठीच्या तुकड्यावरूनच होते. सूक्ष्मदर्शकाखाली रुंद तंतू व त्यांभोवती गुलाबी आवरण दिसते. परंतु सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर बुरशी मरते व कल्चर होऊ शकत नाही. एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे पाठवावयाचा, एवढेच करावयाचे असते. आम्ही वाणिज्य शाखेचे. शास्त्र समजावयास वेळ लागला, पण या सलाइनचा खर्च किती नगण्य आहे हे तत्काळ समजले.

खरा खर्च पुढे आहे. काळ्या बुरशीवरील ॲम्फोटेरिसिन येथे अनेकदा गुण देत नाही. इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल कित्येक महिने द्यावे लागते, यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही. पोट दुखावयाचे थांबले की पेरणीच्या दिवसांत कोरडवाहू शेतकरी पालक औषध बंद करतात, आणि रोग उलटतो.

निर्धन रुग्ण निधीसाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम आपण बाजूला काढतो. ती बहुतांशी दाखल रुग्णांवरच खर्ची पडते. घरी गेलेल्या बालकाच्या औषधासाठी ताळेबंदात स्वतंत्र खाते असावे, हा प्रस्ताव आम्ही आज विश्वस्त मंडळासमोर ठेवीत आहोत.