घरातील चिंता आणि वर्गातील मूल
(बीबी परिसरातील प्राथमिक शिक्षकांसमोरील भाषण)



बीबीच्या परिसरातील शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर चालते. मृगाने ओढ दिली म्हणजे घरोघरी चिंता शिरते; पेरणी साधली की ती ओसरते. ही चिंता रोग नव्हे. परंतु कारण सरले तरी जी सरत नाही, महिनोन् महिने झोप, अन्न व काम यांवर ताबा मिळविते, ती विकार होय. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. तेव्हा हा विषय येथील शाळांना परका नाही.

आईबापांची चिंता मुलात रक्तानेच उतरते, असा समज आहे. स्वीडनमधील जुळ्यांच्या कुटुंबांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र सहवासाचा वाटा मोठा असल्याचे दाखवितो. दारापुढे मोटारसायकल थांबताच दचकणारा बाप, कोरडा ओढाही ओलांडू न देणारी आई, न बोलता शिकवीत असतात की जग धोक्याचे आहे व तू दुबळा आहेस. जे सहवासाने शिकले जाते, ते सहवासाने पालटूही शकते. शाळेचे महत्त्व येथेच आहे.

असे मूल ‘भीती वाटते’ असे क्वचितच सांगते. परिपाठाच्या वेळी त्याचे पोट दुखते. फळ्यापुढे ते गोठते. आई घरी एकटी आहे म्हणून शाळा चुकविते. प्रथम प्रकृतीची तपासणी करून घ्यावी. त्याला ‘भित्रा’ म्हणू नये. तसेच सर्व गोष्टींतून सूटही देऊ नये, कारण टाळल्याने भीती पोसली जाते. आज जागेवरून उत्तर, उद्या सोबत्यासह, परवा फळ्यापुढे, अशा पायऱ्या कराव्यात. परीक्षा वा सहल यांची कल्पना आधी द्यावी.

पालकांशी एकांतात व दोष न देता बोलावे. चिंताविकार म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे; तो उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलल्यास त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी मदत मिळवावी.

पाऊस शिक्षकाच्या हाती नाही. पण रोज ठरल्या वेळी उघडणारा वर्ग आणि न रागावता ऐकणारे माणूस मुलाला मिळावे, एवढे त्याच्या हाती निश्चित आहे.