मनाच्या त्रासाची भरपाई



बैलाने शिंग मारले, तर जखम दिसते. पाच जण धावून येतात. पण मनाला जखम झाली, तर ती कोणाला दिसते? माणूस आतल्या आत कुढतो. त्याला अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही. लोक म्हणतात, "सोडून द्या हो! त्यात काय एवढे?"

कायदा मात्र असे म्हणत नाही. दुसऱ्याच्या चुकीने मनाला त्रास झाला, तर त्याची भरपाई मागता येते. ती कशी, हे आज सांगतो.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावी आमचे एक स्नेही आहेत. त्यांना सारे अण्णा म्हणतात. त्यांनी विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज काढले होते. कापूस विकून सगळे हप्ते फेडले. पण कर्ज देणाऱ्यांच्या वहीत एक हप्ता चढवायचा राहिला. चूक त्यांची, आणि वसुलीचा माणूस आला अण्णांच्या दारी! तोही बाजाराच्या दिवशी. ओट्यासमोर उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "पैसे बुडवता, लाज नाही वाटत?" असे तीनदा झाले.

अण्णांनी चावडीवर येणे सोडले. एका रात्री ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, सांगा, मी चोर शे का?"

मी विचारले, "पावत्या आहेत का?" घरी गेलो. वहिनींनी पत्र्याची पेटी उघडली. एकूण एक पावती जपून ठेवलेली! वहिनी तेव्हा साक्षरतेच्या वर्गाला जात होत्या. त्यांनीच एकेक तारीख वाचली. राहिलेल्या हप्त्याची पावती हाती आली.

मग आम्ही पत्र लिहिले. पावतीची नक्कल जोडली. पत्र पोस्टाने पाठवून पोच घेतली. महिना झाला, उत्तर नाही. तेव्हा जळगावच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. काय घडले, कोणत्या दिवशी, कोणासमोर, हे तीत लिहिले. दोन शेजाऱ्यांनी प्रतिज्ञापत्र दिले. तारखा पडल्या, खेपा झाल्या. अखेर निकाल लागला : अण्णांना बेबाकी दाखला द्यावा, आणि मनस्तापाबद्दल व खर्चाबद्दल काही हजार रुपये द्यावेत. रक्कम मोठी नव्हती. पण निकालाचा कागद वहिनींनी त्याच ओट्यावर उभे राहून वाचला. दुसऱ्या दिवशी अण्णा चावडीवर आले.

हा हक्क काही आजचा नाही. लखनौ शहरात गुप्ता नावाच्या गृहस्थांनी सरकारी विकास प्राधिकरणाकडे घरासाठी पैसे भरले होते. पैसे पुरे झाले, तरी घराचा ताबा मिळेना. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मनस्तापाचे 10,000 रुपये त्यांना मिळाले. न्यायालय आणखी म्हणाले, की हे पैसे ज्यांच्यामुळे त्रास झाला त्या अधिकाऱ्यांकडून वसूल करावेत. बरोबरच आहे. सरकारी तिजोरी म्हणजे तुमचाआमचाच पैसा. एकाने चूक करावी आणि दंड सगळ्यांनी भरावा, हा कुठला न्याय?

आता कामाच्या गोष्टी ऐका.

पैसे देऊन माल किंवा सेवा घेतली, आणि त्यात फसवणूक किंवा हयगय झाली, तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. बियाणे घेणारा शेतकरीही ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी जिल्हा आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. घटना घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती करावी. दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आपली बाजू आपण मांडू शकतो. सल्ला हवा असेल, तर 1915 या नंबरावर फोन करावा.

गावात कोणी खोटी बदनामी केली, तर ती बाब वेगळी. त्यासाठी दिवाणी कोर्टात अब्रूनुकसानीचा दावा असतो. त्याची मुदत एकच वर्ष. वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे वकील फुकट मिळतो. गरिबांनाही मिळतो. त्यासाठी फोन 15100.

पण एक ध्यानात ठेवा. भावकीत अबोला झाला, व्याह्याने टोमणा मारला, म्हणून कोणी भरपाई देत नाही. सूड म्हणून दावा लावू नये. त्यात दोन्ही घरे बुडतात. आणि मन कोर्टाला दिसत नाही. कोर्टाला दिसतो कागद, आणि कोर्ट ऐकते साक्षीदाराचे. म्हणून पावती मागून घ्या. ती वाचा. तारीख आणि रक्कम पाहा. मगच पेटीत ठेवा. न वाचता सही करू नका.

आता तुम्हाला अक्षरे आली आहेत. आज घरी गेल्यावर आपली पेटी उघडा, आणि आतला एक तरी कागद स्वतः वाचून पाहा.