देवाची सत्ता आणि घरचा कारभार

(नवागाम, सुरत येथे ट्रस्टच्या महोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



मला नेमून दिलेला विषय ऐकायला सोपा आणि बोलायला अवघड आहे. ख्रिस्ती मनुष्याने रोजच्या जीवनात देवाच्या सत्तेला शरण कसे जावे, हा तो विषय. प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपण सारे लहानपणापासून म्हणत आलो. तीत देवाची इच्छा पूर्ण व्हावी असे आपण मागतो, आणि 'आमेन' म्हणून उठलो की आपली इच्छा पूर्ण करण्याच्या उद्योगाला लागतो. हे ढोंग आहे असे मी म्हणत नाही. शरण जाणे म्हणजे काय, याचाच बहुधा आपल्याला नीट उलगडा झालेला नसतो.

नवागाम-डिंडोलीच्या या वस्तीत पुष्कळांची घराणी खानदेशातून पोटासाठी आली. येथे हुकूम कोणाचा मानावा हे कोणाला शिकवावे लागत नाही. कारखान्यात शेठचा, पाळीवर मुकादमाचा, भाड्याच्या खोलीत घरमालकाचा, घरात वडीलधाऱ्यांचा. सहा दिवस हुकूम झेलून दमलेल्या माणसाला रविवारी 'देवाच्या सत्तेखाली राहा' असे सांगितले म्हणजे त्याला वाटते, झाले, आणखी एक मुकादम वाढला! दुसरीकडे असेही लोक आहेत की जे आपल्याच हुकमावर देवाच्या नावाचा शिक्का मारतात. सुनेने उलट बोलू नये ही देवाची इच्छा, मुलीने शाळा सोडावी ही देवाची इच्छा, धाकट्या भावाने वाटणी मागू नये ही देवाची इच्छा. आश्चर्य एवढेच की, देवाची इच्छा नेहमी यांच्या सोयीची निघते.

या दोन्ही समजुती किती खोट्या आहेत हे पाहायचे असेल, तर पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवरा वारलेला, पदरी लहानगी मनोरमा, परका देश आणि आश्रय ख्रिस्ती भगिनींच्या मठाचा. अशा बाईने सांगितले ते निमूटपणे ऐकावे अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. पण बाई ऐकणाऱ्या नव्हत्या! क्रूसावर लॅटिन शब्द होते. बाई म्हणाल्या, लॅटिन मला येत नाही, माझ्या देशभगिनींनाही येत नाही, संस्कृत शब्द घाला. त्या शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले पक्वान्न घेत नसत. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममातेला त्यात जुना अभिमान दिसे. चेल्टनहॅमच्या विद्यालयात रमाबाईंनी मुलग्यांना शिकवू नये असे मोठमोठ्या धर्माधिकाऱ्यांनी कळविले, तेव्हाही त्यांनी ठणकावून विरोध केला. आपल्या देशातल्या पुरोहितवर्गाचे जोखड महाप्रयासाने मानेवरून उतरविले, आता दुसरे तसलेच जोखड घेणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता.

हीच बाई देवापुढे मात्र किती वाकली ते पाहा. त्यांनी पुढे आपली साक्ष लिहिली. तीत त्या स्पष्ट सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला तो पुढे आठ वर्षांनी. म्हणजे शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस निघाले, तेव्हाही त्या अजून शोधात होत्या. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाईंनी सदन बंद केले नाही, आणि आपल्या खोलीतल्या प्रार्थनेचे दारही लावून घेतले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या मळ्यात तंबू ठोकून राहावे लागले. हा मळा संस्थेला फळबागेचे उत्पन्न व्हावे म्हणून घेतलेला होता. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. पुढे छपन्नच्या दुष्काळात, १९०० साली, आपल्या या गुजरातेतल्या मुलीही तेथे गेल्या. स्वतः रमाबाईंचे आईबाप दुष्काळातच गेले होते. उपाशी पोरीचे डोळे कसे दिसतात हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. थोड्या मुलींची नेटकी शाळा ही त्यांची योजना होती. देवाने हजारांवर मुलींचा संसार पुढे ठेवला, आणि बाईंनी आपली योजना बाजूला ठेवली.

माणसाच्या सत्तेपुढे ताठ आणि देवाच्या सत्तेपुढे नम्र, या दोन निरनिराळ्या रमाबाई नव्हत्या. एकदा खरा धनी कोण हे ठरले म्हणजे खोट्या धन्यांची भीती आपोआप कमी होते. उलट, देवापुढे न वाकणारा मनुष्य कोणापुढे तरी वाकतोच. पैशापुढे वाकतो, जातभाईंपुढे वाकतो, 'चार लोक काय म्हणतील' यापुढे तर हमखास.

दुसरी गोष्ट अशी की, शरण जायचे ते स्वतःला घेऊन. दुसऱ्याला देवाच्या पायावर ढकलता येत नाही. रेव्हरंड टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढे एका छपराखाली आल्यावरही त्यांचे सोवळे आणि स्वयंपाक निराळा होता. टिळकांनी तो चालू दिला. त्यांच्यासारख्या उतावळ्या माणसाला हे किती जड गेले असेल! १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाने, आपल्या पायांनी चालत येऊन. घरात बायकोवर, सुनेवर धर्माच्या नावाने जोर करणाऱ्यांनी 'स्मृतिचित्रे' एकदा वाचावीत.

कोणी विचारील, मग आम्ही इच्छाच करायची नाही काय? तसे नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभूने आपली इच्छा आधी बोलून दाखविली, घामाघूम होऊन बोलून दाखविली, आणि मग पित्यावर सोपविले. मुलगा तापाने फणफणला असता डॉक्टरकडे न नेता हात जोडून बसणे याला शरणागती म्हणत नाहीत. पगार बुडाला असता हक्काचा पगार न मागणे हीही शरणागती नव्हे. आपल्याकडून होईल ते सारे करावे, आणि इतके करूनही जे हातात येत नाही त्याबद्दल देवाशी हुज्जत संपली की रात्री झोप लागते.

आपल्या ट्रस्टच्या सभासदांना एक शब्द रोज कानावर पडतो, 'विश्वस्त'. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, हे आपण हिशेबाच्या वहीत चांगले पाळतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आले म्हणजे त्यात आपला भाचा असला तरी गुण पाहावे लागतात, आणि तपासनीस विचारील म्हणून पावती ठेवावी लागते. तेच घरी मात्र आपण एकदम मालक होतो. माझा मुलगा, माझा पगार, माझे नाव. मुलाने कोठे नोकरी करावी, कोणाशी लग्न करावे, यात आपले म्हणणे मोडले की देवाची सत्ताच बुडाल्यासारखे वाटते. खरे तर तेथे बुडालेली असते ती आपली.

मुलाबाळांच्या बाबतीत मालकी सोडणे हे सर्वांत कठीण, आणि याबद्दल उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. रमाबाईंची एकुलती एक मनोरमा शिकूनसवरून आईच्या कामाला वाहून घेतलेली होती. संस्थेचा भार पुढे तीच उचलणार असे सर्वजण धरून चालले होते. २४ जुलै १९२१ रोजी ती वारली. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, कान जवळजवळ गेले होते. सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या होत्या. ते भाषांतराचे काम त्यांनी तसेच पुढे चालविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला, आणि तो छापण्याचे काम मुक्तीच्याच छापखान्यात, तेथल्या बायकांच्या हातून झाले.