ग्लू गनची सुधारणा : आच आणि उष्णता



ग्लू गन हे अवजार आता कोणाला नवे राहिलेले नाही. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या वर्गात, विद्युत उपकरणे दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर, खेळणी आणि शोभेच्या वस्तू बनवणाऱ्यांच्या घरी ते हटकून आढळते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यानंतर पुठ्ठ्याची मखरे जोडणाऱ्यांच्या हातीही ते दिसते. आणि जिथे ही गन आहे तिथे तिच्याविषयीची गाऱ्हाणीही आहेत. चाप दाबावा तर गोंद पुढे सरकत नाही. सरकला तर तंतू ओढत येतो. गन बाजूला ठेवली की नको तेव्हा गळतो. आणि एवढे करून जोडलेला तुकडा दुसऱ्या दिवशी अलगद हातात येतो. अशा वेळी हौशी मनुष्य स्क्रू काढून गन उघडतो आणि तिची ‘ताकद’ वाढवण्याच्या विचाराला लागतो. त्याच्या मनात पहिली कल्पना येते ती आच वाढवण्याची. नेमकी हीच कल्पना चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे ध्यानात आले म्हणजे योग्य सुधारणा कोणती ते पुष्कळसे आपोआप कळते.

उघडलेल्या गनमध्ये फारसे काही नसते. मध्यभागी अॅल्युमिनियमची एक पोकळ नळी, तिच्या पुढच्या टोकाला पितळी तोटी, मागच्या टोकाला सिलिकोन रबराची बाही, आणि चाप ओढला असता गोंदाची कांडी पुढे रेटणारी तरफ. कांडी बहुधा एथिलीन व्हिनिल अॅसिटेट या प्लॅस्टिकची असून तिच्यात राळ आणि मेण मिसळलेले असते. लहान गनची कांडी ७ मिलिमीटर व्यासाची, मोठीची ११ मिलिमीटर. नळीच्या अंगालाच एक चपटी खाच असते आणि तिच्यात, पिवळसर तपकिरी पातळ फिल्ममध्ये गुंडाळलेली, एक करड्या रंगाची सिरॅमिक चकती बसवलेली असते. गनचे सारे रहस्य या चकतीत आहे.

ही चकती इस्त्रीतल्या तारेसारखी नव्हे. ती मुख्यत्वे बेरियम टायटॅनेटची असते. ठराविक तापमानाच्या पलीकडे गेल्याबरोबर तिचा विद्युत्रोध एकदम हजारो पटींनी वाढतो. शुद्ध बेरियम टायटॅनेटच्या बाबतीत ही सीमा १२० अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्यात शिसे मिसळले की ती वर सरकते. म्हणून कमी तापमानाच्या गनही असतात आणि १९० अंशांपर्यंत जाणाऱ्याही असतात. चकती तापली की ती स्वतःच वीज घेणे आवरते आणि निवली की पुन्हा घेऊ लागते. वेगळा तापनियंत्रक नसतानाही गन पेट घेत नाही, याचे श्रेय या गुणाला आहे. परंतु वेष्टनावर छापलेला ६० वॅटचा आकडा त्यामुळे फसवा ठरतो. तो तापण्याच्या सुरुवातीचा आकडा होय. पुरेशी तापलेली गन त्याच्या एका लहानशा अंशावर चालत असते.

येथे एक ढोबळ हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ११ मिलिमीटर जाडीच्या, १० सेंटिमीटर लांब कांडीचे वजन सुमारे ९ ग्रॅम भरते. तिला खोलीच्या तापमानापासून १८० अंशांपर्यंत नेण्यास साधारण साडेतीन हजार ज्यूल उष्णता पुरे. ६० वॅटची सर्व शक्ती गोंदात उतरली असती, तर एवढी कांडी एका मिनिटात वितळून बाहेर पडली असती. प्रत्यक्षात असे घडत नाही, हे गन वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मग अडते कोठे?

अडते ते उष्णतेच्या वाटेवर. अॅल्युमिनियमच्या तुलनेत हा गोंद उष्णतेचा शेकडो पटींनी मंद वाहक आहे. नळीला टेकलेला थर लागलीच वितळतो, पण कांडीच्या गाभ्यापर्यंत ऊब पोहोचण्यास वेळ लागतो, आणि हा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ११ मिलिमीटरची कांडी ७ मिलिमीटरच्या कांडीहून जाडीने दीडपटीपेक्षा थोडी अधिक. गाभा तापण्याचा तिचा काळ मात्र जवळजवळ अडीचपट. चुलीची आच वाढवल्याने भाकरी लवकर भाजत नाही, ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. गोंदाचेही तसेच. नळी अधिक तापवली की कडेचा गोंद पिवळा पडतो, मग काळा होतो, आणि त्याची खरपुडी तोटीत अडकून प्रवाह पूर्वीपेक्षाही मंदावतो.

काहीजण गनला पंख्याचा रेग्युलेटर जोडून पाहतात. त्याने आच वाढण्याचा प्रश्नच नसतो. आणि ती म्हणावी तशी कमीही होत नाही, कारण दाब उतरला की चकती किंचित निवते, तिचा रोध घटतो आणि ती अधिक प्रवाह घेऊन तूट भरून काढते. याउलट, चकती काढून तिच्या जागी साधा विद्युततापक बसवणारेही आढळतात. असा तापक स्वतःला आवरत नाही. त्याला तापनियंत्रक हवा, आणि नियंत्रकाचे संपर्क चिकटून बसले तर वीज तोडणारा औष्णिक फ्यूजही हवा. ही दोन्ही नसतील तर तापमान बेफाम चढते, गोंदाचे विघटन होऊ लागते आणि व्हिनेगरसारखा झोंबरा वास सुटतो. त्याच्या मागोमाग गनचे प्लॅस्टिकचे कवच मऊ पडते. गनच्या सुधारणेत याहून वाईट सुधारणा सापडणे कठीण.

खरी सुधारणा खाचेत करावयाची असते. स्वस्त गनमध्ये चकती त्या खाचेत सैल बसलेली असते आणि मधली हवेची फट उष्णतेला अडवून धरते. खाचेच्या दोन्ही भिंती अलगद दाबून, किंवा फिल्मच्या बाहेरच्या अंगाला अॅल्युमिनियमची पातळ, कडा घासून गुळगुळीत केलेली पट्टी सरकवून ही फट बुजवता येते. तसे केले म्हणजे चाप ओढताच थंड कांडी नळीला निववते, ती निवल्याची वार्ता चकतीला त्वरित पोहोचते आणि चकती अधिक वीज घेऊ लागते. तापमान वाढवावे न लागता गोंदात उतरणारी उष्णता वाढते.

नळीभोवती काचतंतूचे आवरण गुंडाळल्यानेही लाभ होतो. पण ते पुढच्या भागापुरतेच असावे. मागची सिलिकोनची बाही थंड राहिली पाहिजे. तीही ऊबदार झाली तर कांडी तोंडातच मऊ पडते, रेटा दिला की वाकते, आणि वितळलेला गोंद पुढे जाण्याऐवजी मागे येऊन तरफेत भरतो.

तोटीचे भोक रुंद करण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. प्रवाह भोकाच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, तेव्हा २ मिलिमीटरचे भोक ३ मिलिमीटर केले तर तेवढ्याच रेट्याने ढोबळमानाने पाचपट गोंद येईल. परंतु गाभा वितळलेला नसेल तर पाचपट येणार तरी काय? शिवाय काही तोट्यांच्या आत स्प्रिंगवर टेकलेली बारीक पोलादी गोळी असते. गळती थांबवण्याचे काम तिचे. ड्रिलचे टोक तिच्या बैठकीला लागले की गन कायमची गळू लागते. तेव्हा मूळ तोटी जपून ठेवावी आणि प्रयोग दुसऱ्या तोटीवर करावा.

जोड सुटण्याच्या तक्रारीचा तर गनशी पुष्कळदा संबंधच नसतो. धातूच्या थंड पृष्ठभागावर गोंद टेकताक्षणी त्याची खालची साय गोठते आणि तो पृष्ठभागाला धरत नाही. पत्रा आधी थोडा कोमट करून घेतला, तर तीच गन आणि तीच कांडी उत्तम काम देते.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. चकती आणि अॅल्युमिनियमची नळी यांच्यामध्ये २३० व्होल्टला अडवणारे जे काही आहे, ते म्हणजे ती कागदासारखी पातळ पॉलिइमाइडची फिल्म. खाच दाबताना वा पट्टी सरकवताना ती फाटली, तर नळी आणि तिच्यासोबत बाहेर दिसणारी तोटी विद्युतभारित होऊ शकते. स्वस्त गनचा प्लग बहुधा दोन पिनांचा असल्याने या विजेला जमिनीत जाण्याची वाट नसते. ती वाट तोटीला स्पर्श करणाऱ्या हातातून निघते. म्हणून गन उघडणाऱ्याने इतर सर्व सुधारणांच्या आधी तीन तारांची केबल आणि तीन पिनांचा प्लग बसवावा. हिरवी तार नळीला स्क्रूने घट्ट आवळावी, तारांवर काचतंतूची बाही चढवावी आणि केबल कवचातून ओढली जाणार नाही अशी पकडीत बसवावी. फिल्म किंचितही चिरलेली दिसली तर ती टाकून द्यावी. चिकटपट्टीने सांधू नये.

गन पुन्हा बंद केल्यावर, प्लग भिंतीत घालण्याच्या आधी मल्टिमीटर रोधाच्या सर्वांत वरच्या पट्ट्यावर ठेवून दोन वीजपिनांपैकी प्रत्येक पिन आणि तोटी यांच्यामध्ये मोजणी करावी. काटा हलता कामा नये. जमिनीची पिन आणि तोटी यांच्यातील रोध मात्र जवळजवळ शून्य यावा. मग गन दहा मिनिटे तापू द्यावी. त्या अवधीत तोटीला हात लावू नये. त्यानंतर प्लग काढून हीच मोजणी पुन्हा करावी, कारण धातू प्रसरण पावल्यावरच उघड होणारी चीर थंड गनमध्ये दिसत नाही. दोन्ही वेळा निकाल सारखा आला तरच कांडी आत घालावी.