कुंडातलं चक्रवाढ व्याज

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



बँकेत हयात गेली, त्यामुळे माझ्या बोलण्यात हिशेब येणारच. आज मात्र हिशेब पैशांचा नाही, आपल्या इमारतीमागच्या कुंडाचा आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ते बुजवण्याचा ठराव येतो आहे. कारण डेंग्यूची भीती. ती भीती खोटी नाही, म्हणूनच तिला नीट उत्तर द्यायला हवं.

आपल्या कुंडात जलपर्णी आहे, कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी तरंगती झाडं आहेत, आणि टिकलीएवढ्या पानांचं हिरवं शेवाळासारखं काहीतरी आहे. ते शेवाळ नव्हे, तीही वनस्पतीच. यांना खत लागत नाही, माती लागत नाही. यांची निगा म्हणजे घालणं नव्हे, काढणं!

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांच्या मोहाने लोकांनी ती जगभर नेली. ऊन आणि सांडपाणी मिळालं की साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. आज 10 रोपं असतील, तर बारा आठवड्यांनी 640. असं चक्रवाढ व्याज आमच्या बँकेनेही कधी दिलं नाही! पवईचा तलाव आणि पिंपरी-चिंचवडची पवना नदी या व्याजाखाली दबलेली आपण पाहिली आहे.

पाणी पूर्ण झाकलं की खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू कमी होतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तीच खूण समजा. म्हणून नियम सोपा : निम्मं पाणी झाकलेलं, निम्मं उघडं.

आता डासांचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर रविवारी काम झालंच पाहिजे, 'पुढच्या रविवारी बघू' चालणार नाही. गप्पी मासे अळ्या खातात, पण दाट पानांत त्यांना शिरता येत नाही. शिवाय मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या या झाडांच्या मुळांना चिकटून तिथूनच श्वास घेतात. तिथे नुसते मासे पुरत नाहीत, झाडंच उपटावी लागतात.

काढलेली झाडं गटारात टाकू नका. गच्चीवर कडक उन्हात वाळवा, मग खताच्या खड्ड्यात घाला. पावसाळ्यात कुंड भरून वाहतं, तेव्हा सांडव्याला बारीक जाळी हवी. उन्हाळ्यात भर घालायचं नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच ओता. तारोडीला समुद्र जवळ. बोअरचं पाणी मचूळ असेल, तर ते या झाडांना मानवत नाही. आणि लहान मुलांसाठी कठड्यावर जाळी बसवा, ही माझी आग्रहाची विनंती.

कुंड बुजवलं तरी कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रीजमागचे ट्रे घरोघरी राहतीलच. तिथले डास कोणता ठराव थांबवणार?

माझी सूचना एवढीच : ठराव एक वर्ष पुढे ढकला. दर रविवारी दोन घरं, पाऊण तास, आळीपाळीने. वहीत सह्या होतील. वर्षभरात चार रविवार जरी रिकामे गेले, तरी कुंड बुजवण्याच्या बाजूने पहिला हात मी वर करीन.

पहिल्या रविवारी सकाळी आठला मी बादली घेऊन हजर आहे. माझ्या जोडीला दुसरं घर कोणाचं, तेवढं आजच सांगा.