घड्याळातल्या कॅलरी येतात कुठून?

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "घड्याळ सांगतं रोज २१०० कॅलरी जळतात, मी १६०० च खातोय, तरी वजन हलत का नाही?" कोणी विचारतंय थायरॉइडची टेस्ट करू का, कोणी विचारतंय घड्याळ बदलू का. तर आज त्या २१०० च्या पोटात शिरू या.

आधी हे ऐका: तुमचं घड्याळ कॅलरी मोजत नाही. मोजूच शकत नाही. शरीर किती ऊर्जा खर्च करतंय हे खरंच मोजायचं तर तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. मनगटावरच्या पट्ट्याकडे मुख्यतः दोनच गोष्टी आहेत. एक, हात किती आणि कसा हलला ते सांगणारा अ‍ॅक्सेलरोमीटर. दुसरी, मागे लुकलुकणारा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, त्यामुळे परत येणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून नाडी कळते. बाकी सगळं गणित. आणि या गणितातला सगळ्यात मोठा आकडा सेन्सरमधून येतच नाही. तो तुम्हीच सेटअप करताना टाइप केलेला असतो.

कसा ते बघा. शरीराला नुसतं जिवंत राहायला किती कॅलरी लागतात, याचं मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० सालचं सूत्र आहे. वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असाल तर त्यात ५ मिळवा, बाई असाल तर १६१ वजा करा. माझं वय २८, वजन ७० किलो, उंची १७०. उत्तर येतं साधारण १६२८. म्हणजे मी दिवसभर गादीवर लोळत पडलो तरी १६२८! कंपन्या आपापलं नेमकं सूत्र उघड करत नाहीत, पण पद्धत साधारण हीच. म्हणजे माझ्या घड्याळाने २१०० दाखवले, तर हालचालीवरून काढलेला अंदाज फक्त पावणेपाचशेचा. उरलेलं माझं वय-वजन-उंची मलाच परत वाचून दाखवलंय.

इथेच एक गोंधळ होतो आणि तो नुसता गणिताचा राहत नाही. स्क्रीनवर दोन वेगळे आकडे असतात, 'टोटल' आणि 'अ‍ॅक्टिव्ह'. माझी मावसबहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. वाढदिवसाला तिला बँड मिळाला. महिन्याभराने फोनवर म्हणाली, "दादा, आज १८० च झाल्या रे, मग रात्री जेवू कशी?" मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, ती अ‍ॅक्टिव्हचा आकडा म्हणजे आज खायची परवानगी समजत होती! कित्येक रात्री मेसमध्ये गेलीच नव्हती, लॅबमध्ये एकदा उभ्या-उभ्या चक्कर आली होती, आणि हे तिने मावशीला सांगितलं नव्हतं. फोनवरच आम्ही तिचं गणित केलं. वय २०, ५५ किलो, १५८ सेंटिमीटर. १२७६. दिवसभर झोपून राहिली तरी एवढं लागतं तिला, आणि ते १८० त्याच्या वर. ती गप्प झाली. नंतर मावशीला सांगितलं, डॉक्टरांकडेही गेली. बँड अजून आहे हातात, पण कॅलरीची स्क्रीन तिने काढून टाकली.

बरं, त्या अ‍ॅक्टिव्हच्या आकड्यावर तरी किती विश्वास ठेवायचा? स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये ६० जणांवर सात घड्याळं तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहा घड्याळांनी ५ टक्क्यांच्या आत बरोबर दिले. खरंच कौतुकाची गोष्ट आहे. पण कॅलरीत सगळ्यात चांगलं घड्याळ सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के! घड्याळं तेव्हापासून सुधारलीत, पण अडचण सेन्सरची नाहीच. ठोके बरोबर असले तरी ते कशामुळे वाढले हे घड्याळाला कुठे माहीत? रात्री अकराला प्रॉडक्शन डाउन झालं की खुर्चीत बसल्या-बसल्या माझे ठोके ११० ला जातात. घड्याळाला वाटतं, गडी चालायला निघाला. उलट आई पोळ्या लाटते तेव्हा फुकटच्या स्टेप्स जमा होतात, आणि पाण्याची भरलेली बादली उचलून जिना चढली तर हात स्थिर, म्हणून त्या ओझ्याचं श्रेय शून्य.

डेव्हलपर म्हणून मला खटकतं ते वेगळंच. स्क्रीनवर '४१२' लिहितात. ४१० नाही, ४१२! बीटेकच्या पहिल्या सेमिस्टरला लॅब जर्नलमध्ये असा आकडा लिहिला असता तर सरांनी लाल पेनाने गोल केला असता. प्रामाणिक स्क्रीनवर '३०० ते ५००' असं आलं पाहिजे. पण ते दिसायला छान नाही ना.

आता तुमच्या प्रश्नाकडे. २१०० हा अंदाज. १६०० हाही अंदाजच, कारण फोडणीचं तेल कोण मोजतं? एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. दोन अंदाजांची वजाबाकी केली की दोघांच्या चुका एकत्र होऊ शकतात, आणि तुमची ती ५०० ची तूट त्यातच कुठेतरी गडप होते. शरीर बिघडलेलं असेलच असं नाही. थकवा वगैरे इतर त्रास असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, फक्त घड्याळ बघून टेस्टला धावू नका.

मी स्वतः काय करतो? प्रोफाइलमधलं वजन दर महिन्याला बदलतो. व्यायामाच्या वेळी पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्टसर बांधतो, आणि जो व्यायाम करतोय तोच मोड निवडतो. रोजचा आकडा बघत नाही, या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघतो. चूक दर वेळी साधारण एकाच बाजूची असेल तर 'वाढलं की कमी झालं' एवढं तरी कळतं. मित्राच्या घड्याळाशी मात्र तुलना करू नका, त्याचं सूत्र वेगळं, वजन वेगळं. आणि घड्याळ म्हणालं ३०० जळल्या म्हणून वडापाव खाऊ नका. खायचाच असेल तर भूक लागली म्हणून खा, आवडतो म्हणून खा!

पुढच्या एपिसोडला 'स्लीप स्कोअर' घेतोय. तुमच्या घड्याळाने पंख्याखाली पुस्तक वाचत पडलेल्या वेळेला झोप म्हटलं असेल, तर स्क्रीनशॉट पाठवा. भेटू या.