मी पाहिलेली मोटारसायकलींची शर्यत



मोटारसायकल हे वाहन माझ्या फारसे प्रीतीचे नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. पुण्यासारख्या दुचाकींच्या नगरीत उभा जन्म काढलेल्या माणसाने असे म्हणावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझ्या धाकट्या पुतण्याने विसावे वर्ष लागताच मोठी मोटारसायकल घेण्याचा हट्ट धरला, आणि तेव्हापासून आमच्या घरी या विषयावर नित्य खडाजंगी होऊ लागली. अखेर एके दिवशी तो मला म्हणाला, "काका, एकदा खरी शर्यत डोळ्यांनी पाहा, आणि मग काय ते बोला." एवंच, सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही काका-पुतणे दिल्लीस जाऊन दाखल झालो.

दिल्लीनजीक ग्रेटर नोएडा येथे यमुना एक्स्प्रेसवेच्या बाजूस 'बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट' नावाचा शर्यतीचा मार्ग आहे. जिल्हा गौतम बुद्ध नगर, म्हणून हे नाव. मध्यम मार्गाचा उपदेश करणाऱ्या त्या महापुरुषाचे नाव असल्या जागेस लाभावे, ही मौजच म्हणावयाची! हर्मान टिल्के या जर्मन वास्तुविशारदाने आखलेल्या या मार्गावर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली, आणि नंतर ती खंडित झाली. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात २२ ते २४ या तारखांस जागतिक अजिंक्यपदाच्या मोटारसायकल शर्यतींपैकी एक प्रथमच भारतात भरली, ती येथेच. मोटारसायकलींसाठी मार्गाची लांबी ४.९६ किलोमीटर आणि वळणे १३.

शर्यत प्रत्यक्ष पाहणे म्हणजे बहुतांशी न पाहणेच होय, हे तेथे गेल्यावर कळले. घरी पडद्यावर पाहणाऱ्यास सारा मार्ग दिसतो. आम्हांस दिसे ते एक वळण. एक फेरी सुमारे पावणेदोन मिनिटांची, आणि त्यांतले आमच्या वाट्यास काही क्षण. बाकीचा वेळ दूरवरच्या आवाजाचा माग घेत बसावयाचे. तो आवाज मात्र पडद्यावर कधीच ऐकू येणार नाही. तो कानांना नव्हे, थेट छातीला जाणवतो.

पण आमची जागा मोक्याची होती. एक किलोमीटरभर लांबीची सरळ वाट जेथे संपते आणि चौथे वळण येते, त्या बाजूस आम्ही बसलो होतो. स्वार तेथे ताशी तीनशे किलोमीटरांच्या वर वेगाने येत, आणि पाहता पाहता वेग शंभराच्या आसपास आणीत. माझी अशी समजूत होती की शर्यत म्हणजे वेग वाढविण्याची अहमहमिका. पण वेग वाढविणे हा येथे सोपा भाग आहे. खरी परीक्षा तो उतरविण्यात. गाडीवर निजल्यासारखा वाकलेला स्वार एकदम उठून बसतो, वाऱ्यास छाती देतो, एक पाय पावठ्यावरून सोडून बाहेर लोंबता ठेवतो. मागचे चाक जमिनीस जेमतेम टेकलेले असते. या गाड्यांच्या पुढच्या चाकांवरील ब्रेकच्या तबकड्या कार्बनच्या असतात, आणि त्या चांगल्या तापल्याखेरीज धड पकडतच नाहीत. मग गाडी कलते, इतकी की स्वाराचे कोपर जमिनीस घासून जाते. त्या घटकेस माणूस व यंत्र यांचा सारा भार रबराच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर असतो. जो ब्रेक क्षणभर उशिरा दाबील तो पुढे जाईल, आणि दोन क्षण उशिरा दाबील तो मार्गाबाहेर जाईल!

रविवारी हवा अशी होती की सावलीत बसूनही आमचे सदरे अंगाला चिकटले. आयोजकांनी उष्म्यामुळे मुख्य शर्यतीच्या २४ फेऱ्यांच्या २१ केल्या होत्या. इटलीचा मार्को बेझेक्की पुढे निघाला, तो कोणाच्या हाती लागला नाही. जेव्हा तो आमच्यासमोरून एकटाच निघून जाई तेव्हा, खरे सांगावयाचे तर, जरा कंटाळाच येई. आठ सेकंदांहून अधिक अंतर राखून तो जिंकला. आदल्या वर्षीचा जगज्जेता फ्रान्सेस्को बान्याया अर्ध्यावर घसरून पडला. माझा पुतण्या ताडकन उभा राहिला. मीही नकळत त्याचा दंड धरला. पण मोठ्या पडद्यावर तो स्वार धूळ झाडीत उठलेला दिसला. त्याच्या चामडी पोशाखात हवेची पिशवी शिवलेली असते, ती पडताक्षणी फुगते. शिवाय तेथे ना समोरून येणारा ट्रक, ना रस्त्याचा दुभाजक. लक्ष्मी रस्त्यावर यांतले काय असते?

माझ्या मनात घर करून राहिला तो मात्र स्पेनचा होर्हे मार्तीन. आदल्या दिवशीची छोटी शर्यत त्याने जिंकली होती. रविवारी फ्रान्सच्या फाबियो क्वार्तारारोला मागे ठेवून दुसरा क्रमांक राखण्यासाठी तो अखेरच्या फेरीपर्यंत झुंजला. शर्यत संपली, आणि हा तरणाबांड गडी उष्म्याने व शरीरातील पाणी आटल्याने कोसळला. उपचारांसाठी माणसे धावली. सदतीस मिनिटांत एवढ्या कसलेल्या देहाची ही दशा! गाडीच सारे काम करते आणि स्वार नुसता वर बसलेला असतो, हा माझा लाडका सिद्धांत. तो मी तेथेच मुकाट्याने मागे घेतला. पुतण्याने मजकडे पाहिले, पण सुदैवाने तो काही बोलला नाही.

तेथली पुढच्या वर्षाची शर्यत ठरूनही झाली नाही, तेव्हा आम्ही गेलो ते बरेच झाले. संध्याकाळी बाहेर पडलो तो वाहनतळावरून शेकडो तरुण आपापल्या मोटारसायकली गुरगुरवीत निघाले होते. कित्येकांची शिरस्त्राणे डोक्यावर नसून आरशाला टांगलेली. पुतण्या ते बराच वेळ पाहत राहिला.

परतीच्या प्रवासात गाडी खरेदीचा विषय निघाला, तो मथुरा मागे पडल्यावर. तो म्हणाला, "काका, गाडीचं दिवाळीनंतर बघू. आधी मला नीट ब्रेक लावायला शिकायचंय." मी होकार दिला नाही, तसा नकारही दिला नाही. पुढच्या रविवारी भल्या पहाटे आम्ही दोघे माझी जुनी स्कूटर घेऊन एका मोकळ्या मैदानावर गेलो. त्याने खडूने जमिनीवर एक रेघ ओढली, आणि मी शिट्टी वाजवावयास दूर जाऊन उभा राहिलो.